अठ्ठेचाळीस तारांचं चाक

माझ्या बायकोनं आयुष्यात अकरा मोटारी बनवल्या. सगळ्यात मोठी वीतभर लांब होती. सगळ्या शर्यतीच्या, जुन्या काळातल्या, तारांच्या चाकांच्या. त्यातली पहिली मोटार लोक माझी समजत होते, आणि मी त्यांना तसं समजू दिलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं मला अभिमानानं सांगायचं आहे, आणि हे पोटात ठेवून तो अभिमान तोंडातून निघत नाही.

मी जागेश्वर नंदनवार. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मीटर दुरुस्तीच्या खोलीत फिटर होतो. घराणं कोष्ट्याचं. माझे वडील मागावर बसले, आजा मागावर बसला, मी मात्र आयटीआय करून नोकरीला लागलो. बायको भागीरथा, तिचं माहेर नागपूरला तांडापेठेत. तिच्या वडिलांचे, बाबनरावांचे, दोन माग होते. आठव्या वर्षापासून ती सूत गुंडाळून कांड्या भरायची आणि पंधराव्या वर्षी बारीक सुताचा तुटलेला ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, जोडायची. तिसरीपर्यंत शाळा झाली होती. लग्न होऊन केंद्राच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा तिथं माग नव्हता, आणि मांडायला जागाही नव्हती. शेजारपाजारचे फाटके कपडे ती रफू करून द्यायची. एकदा मला म्हणाली होती, "हात रिकामे राहिले का मले कसंतरीच होते." मी हसलो होतो.

१९७५ च्या सप्टेंबरात आमचे असिस्टंट इंजिनियर मधुकरराव केदार एक खोका घेऊन माझ्या टेबलाशी आले. ते सहा महिने इंग्लंडला ट्रेनिंगला जाऊन आले होते. तिकडे लोक प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून हुबेहूब छोट्या मोटारी करतात, तसे तीन खोके त्यांनी आणले होते. दोन मोटारी त्यांनी स्वतः जोडल्या होत्या. तिसरा खोका ट्रंकेत दबला आणि त्यातली दोन चाकं मोडली.

"जागेश्वर, तू मीटरमध्ये केसासारखी स्प्रिंग बसवतोस," ते म्हणाले. "ह्या चाकात तारा बसवता येतील का बघ."

चाक रुपयाच्या नाण्याएवढं. मधे नळीसारखा तुंबा, बाहेर कडं, आणि दोन्हींच्या मधल्या तारा तुटून गेलेल्या. मी म्हटलं, "बघतो, साहेब."

रविवारी सकाळी मी विजेच्या मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार घेऊन अंगणात बसलो. एका बाजूच्या सहा तारा बसल्या की तुंबा तिकडे सरकायचा. दुसरीकडून ओढलं की इकडे. दुपारपर्यंत माझं डोकं तापलं आणि चाक मी फेकलं. ते भागीरथेच्या पायाशी जाऊन पडलं. ती तांदूळ निवडत होती.

"काहून चिडून राहिले?" तिनं चाक उचललं. "काय हाय हे?"

"शर्यतीच्या मोटारीचं चाक हाय."

"एवढुसं? कोन बसते यात?"

"कोनी नाही बसत. शोभेची मोटार हाय. साहेबाची."

तिनं ते उजेडाकडे धरलं, फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही एका कडेनं ओढत चालले, अजी. ताणा असा एका अंगानं आवळला तर कापड तिरपंच निंघन ना. एक इकडची ओवली का लगेच समोरची ओवा."

"मग तूच ओव," मी म्हटलं. रागातच म्हटलं होतं.

तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

त्यानंतरचे आठ दिवस मी जे पाहिलं ते मला अजून पाठ आहे. तांब्याची तार तिनं नाकारली. जाड आहे म्हणाली, आणि रंगही चुकीचा. ट्रंकेतून तिनं पांढऱ्या जरीची एक कांडी काढली, माहेरून आणलेली. मग खोक्यावरच्या चित्रातल्या चाकाच्या तारा मोजल्या. अठ्ठेचाळीस. न मोडलेल्या प्लास्टिकच्या चाकात मोजल्या तर जाड जाड चोवीसच.

"चित्रात अठ्ठेचाळीस हाय तर अठ्ठेचाळीसच पाहिजे," ती म्हणाली, आणि चांगल्या दोन चाकांच्या ताराही कापून टाकल्या.  साहेबांनी दोनच चाकं दुरुस्त करायला सांगितली होती.

मी तिला सागाच्या फळीवर एक गोल खाच करून दिली, मधोमध खिळा. खाचेत कडं बसायचं, खिळ्यावर तुंबा. सगळ्यात बारीक सुई चिमट्यात धरून ती स्टोव्हवर तापवायची आणि कड्याला भोकं पाडायची. जर खळीत बुडवून, वाळवून ताठ केलेली. वरची तार ओवली की लगेच समोरची, मग डावी, मग उजवी. पण खरी करामत पुढे होती. प्रत्येक तारेचं टोक फळीच्या कडेवरून खाली सोडायचं आणि त्याला एक छोटा लोखंडी नट बांधायचा. तोच एक नट, प्रत्येक तारेला. वजन तेच, म्हणून ताण तोच. तसं लोंबत असताना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा, म्हणजे लाखेचा, एक थेंब सुईच्या टोकानं द्यायचा, सुकू द्यायचा, मग तार कापायची आणि नट पुढच्या तारेला. आतली एक फेरी, बाहेरची एक फेरी, तारा एकमेकींना छेदून गेलेल्या. चार चाकं म्हणजे एकशे ब्याण्णव तारा. एखादी तार तिच्या मनासारखी लागली नाही तर ती कापायची आणि पुन्हा ओवायची.

चारही चाकं मी कापसात गुंडाळून डब्यातून केदार साहेबांकडे नेली. त्यांनी एक चाक हातात घेतलं, खिडकीशी गेले आणि ते उजेडात फिरवून फिरवून पाहू लागले.

"जागेश्वर!" ते म्हणाले. "अरे, ही चाकं इंग्लंडमध्ये कोणी केली असती तर मासिकात फोटो आला असता!"

त्यांनी दोघातिघांना हाक मारली. माणसं जमली. चाक ह्या हातातून त्या हातात गेलं. कोणी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मी म्हणालो, "गेलं जमून, साहेब."

तीनच शब्द. कोणाला जमलं, ते मी म्हटलं नाही. त्या क्षणी बायकोचं नाव सांगायला जेवढा दम लागतो तेवढाही माझ्यात नव्हता. आजूबाजूला सगळे कारागीर उभे, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे तसे बघत होते.

साहेबांनी अख्खा खोकाच माझ्या हवाली केला. "पूर्ण गाडी तूच कर. फेब्रुवारीत नागपूरला छंद मंडळाचं प्रदर्शन आहे, छोट्या प्रतिकृतींची स्पर्धा असते. अर्ज मी भरतो."

घरी येऊन मी भागीरथेला एवढंच सांगितलं की साहेबांना चाकं आवडली, आता पूर्ण मोटार करायची आहे. तिचा चेहरा फुलला. तिनं खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी उघडलं.

पुढचे साडेचार महिने आमच्या बाहेरच्या खोलीत मोटारच होती. भाग जोडायचा कागद इंग्रजी. मी अडखळत शब्द वाचायचो, पण ती चित्रंच वाचायची आणि माझ्या आधी तिला कळायचं. दोन भाग जोडले की सांधा दिसतो. तो तिला चालायचा नाही. ती कानशीच्या तुकड्यानं घासायची, मग डोळे मिटून बोट फिरवायची. बोटाला सांधा लागला की पुन्हा घासायची. बॉनेटवर आवळायचा चामड्याचा पट्टा प्लास्टिकचाच कोरलेला होता. तो तिनं छिलून टाकला आणि माझ्या जुन्या घड्याळाच्या पट्ट्याचं आतलं पातळ चामडं काढून खरा पट्टा लावला, बकलासकट. बकल जरीच्या तारेचं होतं.

रंगाचं काम सगळ्यात कठीण गेलं. खोक्यातल्या रंगाच्या डब्या सुकून दगड झाल्या होत्या. आम्ही नागपूरच्या इतवारीत जाऊन तेलरंग आणले. दुकानदारानं हिरव्याचे पाच डबे पुढे केले आणि तिनं पाचही परत सारले.

"हा पोपटी झाला. हा बाटलीचा. मले शेवाळी पाहिजे, पन त्यात थोडा काळा उतरलेला."

"असा तर नाही मिळत, बाई," दुकानदार म्हणाला.

"मग हिरवा, पिवळा नि काळा द्या. मी पाहून घेईन."

घरी तिनं थेंबाथेंबानं रंग मिसळला, पांढऱ्या सुताच्या धाग्यांना लावून वाळवला आणि ते धागे चित्राशेजारी धरून पाहिले. बारा धागे झाले. तेरावा जुळला. तो रंग तिनं जुन्या मलमलीतून दोनदा गाळला. आमच्याकडे वाऱ्यावर कायम बारीक धूळ असायची, ओल्या रंगावर बसली की संपलं. म्हणून भर दुपारी, सगळी दारं लावून, फरशीवर पाणी शिंपडून ती मच्छरदाणी टाकायची आणि आत बसून रंगवायची. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश, पाण्यासारखा पातळ रंग. सात हात दिले. प्रत्येक हातानंतर मोटार परातीखाली झाकलेली, चार दिवस हात लावायचा नाही. शर्यतीचा नंबर छापलेली चिकटपट्टी पिवळी पडून गेली होती, तर सातचा आकडा तिनं हातानं काढला, दोन्ही बाजूंना. मी पट्टीनं मोजले. दोन्ही आकड्यांत दोऱ्याएवढाही फरक नव्हता.

मला रोज वाटायचं, उद्या साहेबांना सांगू. केंद्रात रोज कोणीतरी विचारायचं, "काय कारीगर, कुठवर आली गाडी?" आणि मी सांगायचो, "रंग चालू हाय." ही वाक्यं खोटी नव्हती. अशी वाक्यं मी साडेचार महिने शोधून शोधून बोललो.

जानेवारीत ते फुटलं. आमच्या शेजारी प्रयागबाई राहायच्या. त्यांचे मालक बॉयलरवर होते. त्या पीठ चाळता चाळता भागीरथेला म्हणाल्या, "तुझ्या मालकाचं बम नाव होऊन राहिलं वं. मोटार बनवली मनते त्यानं. तू सांगितलं बी नाही!"

मी ड्युटीवरून आलो तेव्हा भागीरथा मोटारीसमोर बसली होती. ब्रश धुऊन, सुकवून ठेवलेला.

"मोटार कोन बनवली, अजी?" तिनं विचारलं.

मी पायातल्या चपला काढत राहिलो.

"केंद्रात काय सांगितलं तुम्ही?"

"मी काही नाही सांगितलं. त्यायनंच समजून घेतलं." मग मी ते वाक्य बोललो ज्याची मला आजही लाज वाटते. "अन् तुले काय करायचं हाय नावाचं?"

ती ओरडली नाही. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "मले नाव नाही पाहिजे, असं मी म्हनलं काय कधी? माझा बाप लुगडं विकाले न्यायचा तर बाजारात सांगायचा, हे माझ्या पोरीच्या हातचं हाय. लोक मागून घ्यायचे. तुम्ही मले इचारलं बी नाही."

"सांगतो उद्या साहेबाले," मी म्हणालो.

"सांगा."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला होते, तिसऱ्या दिवशी मीच टाळलं, आणि मग फेब्रुवारी आला. तिनं पुन्हा विचारलं नाही. मोटारीचं उरलेलं काम तिनं पूर्ण केलं, आरसा लावला, स्टिअरिंगला काळा दोरा गुंडाळला. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी ती निळं लुगडं नेसून तयार होती.

"मी बी येऊन राहिली," ती म्हणाली.

बसमध्ये खोका तिच्या मांडीवर होता. कोराडी गेलं, नागपूर आलं, तिनं खोक्यावरचे हात काढले नाहीत.

प्रदर्शन धंतोलीत एका शाळेच्या सभागृहात होतं. लांब टेबलांवर पांढऱ्या चादरी. काड्यापेट्यांचे बंगले, विमानं, जहाजं, पितळेची इंजिनं, आणि मोटारी फक्त चार. प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड. आमच्या मोटारीपुढे सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "कारागीर – श्री. जागेश्वर नंदनवार, खापरखेडा."

परीक्षक होते देवराव खोब्रागडे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, पासष्टीचे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात भिंग. वाफेवर खरोखर चालणारी हातभर इंजिनं ते स्वतः करायचे, सगळं नागपूर त्यांना त्यासाठी ओळखायचं. ते प्रत्येक टेबलाशी एखाद-दुसरं मिनिट थांबत होते. आमच्या मोटारीशी आले आणि खुर्ची मागवली.

भिंगातून त्यांनी पुढचं चाक पाहिलं. मग मागचं. मग खाली वाकून पलीकडचं.

"ही तार कशाची?" त्यांनी मला विचारलं.

"जरीची, साहेब."

"आणि एवढ्या तारा, सगळ्यांचा ताण एकसारखा. मला पन्नास वर्षांत असं जमलं नाही. कसा धरला?"

उत्तर मला ठाऊक होतं. साडेचार महिने समोर बसून पाहिलं होतं. नटाचं सगळं मी बिनचूक सांगू शकलो असतो, आणि कोणाला कधी काही कळलं नसतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझी नजर भागीरथेकडे गेली. ती मोटारीच्या पलीकडून वाकून कार्ड वाचत होती. तिसरीपर्यंतच शिकलेली, एकेक अक्षर ओठांनी जुळवत होती. "का-रा-गी-र" झालं. "श्री" झालं. मग तिचे ओठ थांबले. पुढचं नाव तिला वाचायची गरज नव्हती.

"तिले इचारा, साहेब," मी म्हणालो. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. चारपाच जणांनी वळून पाहिलं. "मी फक्त फळी करून दिली. मोटार माझ्या बायकोनं बनवली. चाकंबी, रंगबी, सगळंच. मी साडेचार महिने लपवलं."

सभागृह काही शांत वगैरे झालं नाही. लोक आपापलं बोलत होते. 

खोब्रागड्यांनी भिंग खाली ठेवलं आणि भागीरथेकडे वळले. "बाई, ताण कसा धरला?"

तिनं पदर खोचला. "एकच नट होता. प्रत्येक तारेले तोच लटकवला. माणसाचा हात कधी जास्त ओढते, कधी कमी. नट नाही ओढत."

म्हातारा इतका खूष झाला की त्यानं टेबलावर हात मारला. मोटार हलली आणि भागीरथेनं चटकन तिला धरलं.

मग चिटणीस आले. भैयाजी म्हणून होते, अत्यंत शिस्तीचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि नियमांचा कागद काढला. अर्जातलं नाव कारागिराचं नसेल तर वस्तू स्पर्धेतून बाद. खोब्रागडे पाऊण तास त्यांच्याशी भांडले. भैयाजी म्हणाले, "देवरावजी, मला पण दिसतं आहे पहिलं कोण आहे. पण आज हे चालवलं तर पुढच्या वर्षी कोणीही कोणाची वस्तू आणेल." त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी ठरलं, मोटार स्पर्धेत नाही, पण तीन दिवस मांडलेली राहील, कार्ड बदलून.

कोरं कार्ड आलं. कोणी लिहायला पेन पुढे केलं तर भागीरथेनं ते हातात घेतलं आणि स्वतः लिहिलं. बराच वेळ लागला. "भागीरथा नंदनवार. तांडापेठ." खापरखेडा तिनं लिहिलं नाही.

तीन दिवस त्या टेबलाशी सगळ्यात जास्त गर्दी होती. पहिलं बक्षीस काड्यापेटीच्या बंगल्याला मिळालं. दुसऱ्या दिवशी केदार साहेब आले. त्यांनी कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "इतके महिने?"

"हो, साहेब."

 भागीरथेसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "वहिनी, मला माहीत नव्हतं." पुढचा महिनाभर ते माझ्या टेबलाशी थांबले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण तक्रार नव्हती. केंद्रातल्या लोकांनी टोमणे मारले. मी प्रत्येकाला बसवून नटाची गोष्ट सांगितली, शेवटी ते कंटाळले.

प्रदर्शन संपल्यावर परतीच्या बसमध्ये मी तिला म्हणालो, "झालं ना आता? सगळ्यायसमोर सांगितलं."

"सांगितलं, चांगलं केलं," ती म्हणाली. "पन बक्षीस गेलं. तुमच्यापायी गेलं. मले पुढच्या साली दुसरी मोटार पाहिजे. कुठूनबी आना."

मला वाटलं होतं ती म्हणेल, बक्षिसाचं काय एवढं. ती तशी बाई नव्हती, आणि हे मला लग्नानंतर आठ वर्षांनी कळत होतं.

मोटारीचा खोका मिळवणं सोपं काम नव्हतं. नागपुरात मिळत नव्हता. मी मुंबईला ओळखीच्या ओळखीला पत्रं टाकली, कलकत्त्याला एका खेळण्यांच्या दुकानाला लिहिलं, कुठूनच जवाब नाही. शेवटी हिम्मत करून केदार साहेबांच्या घरी गेलो आणि दारातच सांगितलं, "माझ्यासाठी नाही मागत, साहेब. तिच्यासाठी मागून राहिलो." त्यांनी त्यांच्या इंग्लंडच्या मित्राला लिहिलं. जुलैत खोका आला.

ती मोटार लाल. उंच बैठकीची, बाहेरून जाणारा लांब धुराचा नळ, सुटं चाक मागे बांधलेलं, म्हणजे पाच चाकं, दोनशे चाळीस तारा. ह्या वेळी चपड्याचे थेंब द्यायचं काम तिनं मला दिलं. माझे पहिले वीस थेंब तिनं पुसून टाकले. एकविसावा ठेवला. मी तो दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवला होता. लाल रंगाचे नऊ हात झाले. धुराच्या नळावर उष्णतेनं जी निळी-जांभळी झाक चढते, ती तिनं मोरपंखी आणि अंजिरी रंग बोटाच्या टोकानं पुसत पुसत आणला. खरा नळ पाहायला आम्ही नागपूरला सदरमधल्या एका गॅरेजात दोनदा जाऊन आलो होतो. मिस्त्रीनं तिला बॉनेट उघडून दाखवलं आणि मग स्वतःच तिचे प्रश्न ऐकत उभा राहिला.

१९७७ च्या फेब्रुवारीत अर्ज तिनं स्वतः भरला. पहिलं बक्षीस मिळालं, एक पितळी ढाल. नाव पुकारलं तेव्हा ती इतक्या झपझप स्टेजवर चढली की भैयाजींना कागद आवरायला वेळ मिळाला नाही.

पण मला त्या दिवसातलं दुसरंच जास्त आठवतं. तिचे वडील आले होते. बाबनरावांचे माग तेव्हा बंद पडले होते, दिसायलाही कमी झालं होतं. ते टेबलाशी आले, चष्मा वर केला, चाकाजवळ डोळा नेला आणि बोटानं हवेतच एकेक तार मोजायला लागले. मागे रांग थांबली. कोणी घाई केली नाही. खोब्रागडेही बाजूला उभे राहिले. बाहेरची फेरी मोजून झाली, मग आतली. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "बरोबर हाय."

भागीरथेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आधी कळलं नाही एवढ्याशा शब्दांत काय आहे. नंतर तिनं सांगितलं, मागावर तिच्या पंधरा वर्षांत बाबा एवढंच तीन वेळा म्हणाले होते.

त्यानंतर नऊ मोटारी झाल्या. खोके मिळेनासे झाले तेव्हा तिनं साग आणि पत्र्यापासून अंगही स्वतः केलं. खोब्रागडे महिन्यातून एकदा त्यांची इंजिनं घेऊन यायचे, दोघं फरशीवर बसून वाद घालायचे, आणि त्यांच्या शेवटच्या इंजिनाच्या चाकांत भागीरथेच्या पद्धतीनं ओवलेल्या तारा होत्या. प्रयागबाईंना ती जोडकाम शिकवायला लागली होती, पण त्यांचं सगळं लक्ष बोलण्यात असायचं.

१९८१ साली मंडळानं तिला परीक्षक केलं. पत्र आलं, छापील, वर तिचं नाव. ती वाचत होती तोवर मी हात धुऊन, पुसून उभा होतो. ते पत्र ओल्या हातानं घ्यायचं नव्हतं.

नियम असा की निकाल लागेपर्यंत परीक्षकांशिवाय सभागृहात कोणी जायचं नाही. ती खोब्रागड्यांकडून घेतलेलं भिंग आणि गुणांचा कागद घेऊन आत गेली, दार लागलं. मी बाहेर पायऱ्यांवर बसलो. तीन तास झाले. ऊन पायरीवर आलं, मी एक पायरी वर सरकलो. शाळेचा चपराशी दोनदा येऊन पाहून गेला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "काहो, कोनाची वाट पाहून राहिले इतक्या वेळचे?"

मी उठून उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं ते नव्हतं.

"आमच्या घरचे परीक्षक आत आहेत," मी म्हणालो. "भागीरथाबाई नंदनवार."